उपाशीपोटीचं रक्त

मालवण, भरड
१६ जानेवारी १९६८

भावोजी,

मायना काय लिहावा याच्यावरच टाकातली शाई वाळली. ‘चिरंजीव’ लिहिलं तर तुम्ही विचाराल, नऊ वर्षं हा आशीर्वाद कुठे फडताळात ठेवला होता? ‘रा. रा.’ लिहिलं तर आपण कोर्टात भेटल्यासारखं वाटतं. म्हणून नुसतं भावोजी. मी रुक्मिणी, तुमच्या थोरल्या भावाची बायको. अक्षर विसरला असाल म्हणून सांगते.

परवा संक्रांत झाली. ‘गोड बोला’ म्हणत मी गावभर तीळगूळ वाटले. घरी येऊन डबा पालथा घातला तेव्हा मनात आलं, ज्याच्याशी बोलायलाच हवं त्याच्याशी तर आपण कडूही बोलत नाही. खरं सांगायचं तर मी तुमच्यावर अजून रागावलेलीच आहे. मामंजींच्या बाराव्याला पंगत उठायच्या आत, शुभदावन्संच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या देखत तुम्ही बोललात, ‘आमच्या घराच्या रक्तात दोष आहे, बाबा त्यानंच गेले, सगळ्यांचं रक्त तपासायला हवं.’ ते गृहस्थ हात धुवायला गेले ते परत पानावर आलेच नाहीत. आठवड्यात सोयरीक मोडली. वन्सं आज कट्टा गावच्या शाळेत मास्तरीण आहेत, बिऱ्हाड करून एकट्या राहतात. ‘आजपासून मला भाऊ नाही’ असं तुमचे दादा त्या दिवशी म्हणाले, ते त्यांनी पाळलंय. त्यांचा शब्द तुम्हाला ठाऊक आहे, दगडावरची रेघ.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या सोमवारी रामेश्वराचं दर्शन घेऊन भरडाची चढण चढताना हे मध्येच एका कुंपणाच्या गडग्यावर बसले. तोंडावर घाम, हात छातीवर. मी घाबरले तर म्हणतात, ‘वारो धरलो आसतलो. गाजावाजा करू नको.’ छातीतल्या कळेला वायूचं नाव! घरी आल्यावर माईंनी नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, ‘तुझो बापूस असोच बसा होतो.’ मग आत जाऊन देवापुढे बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे उजेडात दाढी करत होते. मी आरसा धरला होता. डोळ्याच्या काळ्याभोर बुबुळाच्या कडेनं पांढरा फेर दिसला. पुसट नाही, चांगला ठळक. मामंजींच्या डोळ्यांत तसाच होता आणि त्या बाराव्याला तुम्ही त्याच्याविषयीच काहीतरी सांगत होतात, पण तेव्हा ऐकायला कोण थांबलं? मामंजी पन्नासाव्या वर्षी गेले. हे एक्केचाळीस.

तो फेर म्हणजे काय, तेवढं मला कळवा. खोटा धीर देऊ नका. मला मूलबाळ नाही, हे एकच माणूस आहे. उत्तर आमच्या घरी पाठवू नका, शेजारच्या काशीबाईंच्या नावानं पाठवा. त्यांना वाचता येत नाही. पाकीट मात्र त्या उघडून ठेवतील, त्याला इलाज नाही.

तुमची वहिनी,
रुक्मिणी

ता. क. तुम्ही अजून लग्न केलं नाहीत असं ऐकते. खानावळीचं जेवून तब्येत कशी आहे?


मालवण
५ फेब्रुवारी

भावोजी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा घाबरण्यासाठी, दुसऱ्यांदा समजण्यासाठी, तिसऱ्यांदा तुमच्या अक्षरासाठी. किती सुबक अक्षर होतं हो, त्याचं काय करून घेतलंत! प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांची बोटं थरथरतात का?

मला कळलं ते असं. रक्तातली चरबी मोकळी पोहत नाही. बारीक बारीक कणांत भरून फिरते, होडीतून माल जावा तशी. काही होड्या माल अंगभर पोचवतात, काही उरलासुरला उचलून यकृताकडे परत नेतात. त्या परत नेणाऱ्या होड्यांवरच एक एन्झाइम बसलेलं असतं. सुटं पडलेलं कोलेस्टेरॉल ते उचलतं आणि होडीच्या पोटात रचून ठेवतं. ते एन्झाइम नसलं किंवा दुबळं असलं की सुटा माल जिथे तिथे पडून राहतो, रक्तवाहिनीच्या भिंतीत, डोळ्याच्या कडेला. आमच्याकडे रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढून झालं की पाट्या घेऊन बायका येतात आणि वाळूत राहिलेली बारीक मासळी गोळा करतात. एक दिवस त्या आल्या नाहीत तर किनाऱ्यावर काय वास सुटतो ते मला माहीत आहे. बरोबर समजले ना?

‘हे अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही, आम्ही सगळे चाचपडतोय’ असं तुम्ही लिहिलंत, ते मला सगळ्यात आवडलं. बाराव्याला एवढंच जोडलं असतंत तर!

परदेशातल्या त्या बहिणींचं वाचून रात्री झोप लागली नाही. गेल्या साली सापडल्या म्हणता. त्यांच्या रक्तात हे एन्झाइमच नाही, बुबुळं धुरकटलेली, रक्तातलं पाणी गढूळ. मनात आलं, एका घरात नसू शकतं तर आपल्याही घरात नसेल.

रक्त पाठवायचं कसं ते इथल्या डॉक्टरांना तुमचं पत्र दाखवून ठरवलं. भले गृहस्थ आहेत. ते रक्त काढून ठेवतील, गोठलं की वरचं पाणी वेगळं करतील आणि बाटली बर्फात घालून देतील. बर्फाची आपल्याकडे काय वाण! बाबलीचा मासळीचा ट्रक मुंबईला जातो, त्यातून ती येईल.

राहता राहिले तुमचे दादा. ‘भावोजींकडे रक्त पाठवायचंय’ म्हटलं असतं तर रक्त द्यायच्या आधीच ते उसळलं असतं. म्हणून मी सांगितलं, डॉक्टरांना तुमची साखर बघायचीय, रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. लगेच तयार झाले. साखरेचं त्यांना भय आहे, यांच्या शाळेतल्या हेडमास्तरांचा अंगठा गेलाय साखरेनं. नवऱ्याशी खोटं बोलले. बोलले ते बोलले.

माघी पौर्णिमेला आपल्याकडे सत्यनारायण आहे, माईंनी बोललेला. तो उरकला की दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त काढतील.

एक विचारते. तुम्ही गावभरच्या लोकांचं रक्त बघता. स्वतःचं बघितलंत का?

रुक्मिणी


कुणकेश्वर, माहेरून
२७ फेब्रुवारी

भावोजी,

जत्रेला म्हणून माहेरी आले आणि इथूनच लिहिते, कारण मालवणच्या घरात आता मला कागद काढायची सोय उरलेली नाही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी काशीबाई ते हातात देताना म्हणाल्या, ‘रुक्मिणी, आत काय्यतरी वायट आसा. शाई दाट आसा.’ न वाचता त्यांना कळलं. मी माडाखाली उभी राहून वाचलं. ‘पाणी दुधासारखं पांढरं निघालं’ या ओळीपुढचं मला आधी दिसेचना. नंतर वाचलं की ट्रक फोंडा घाटात बंद पडला, बर्फ वितळला, त्यामुळे एन्झाइमचं माप फार कमी आलं तरी त्याच्यावर पुरता भरवसा नाही. पण डोळ्यातला फेर आणि दुधासारखं पाणी हे दोन्ही एका घरात, म्हणून तुम्हाला त्या परदेशातल्या बहिणींची आठवण झाली. दादांना ताबडतोब मुंबईला आणा म्हणता. माई आणि शुभदावन्संचंही रक्त मागता. आणि तुमच्या साहेबांनी ही हकीकत परदेशात कळवायचं ठरवलंय म्हणता. भावोजी, तुम्ही घाबरलात हे मला दिसतं. पण त्या एका वाक्यात तुम्ही थोडे हरखलेले दिसलात, आणि मला तुमचा फार संताप आला.

तुम्ही सांगितलंत म्हणून मी खोबरं बंद केलं. मालवणात! वाटपाशिवाय आमटी केली, सोलकढी नुसत्या आमसुलाच्या पाण्याची केली, बांगडा तव्याला चिकटून सोलवटून निघाला. पहिल्या दिवशी हे गप्प जेवले. दुसऱ्या दिवशी ताट सारून म्हणाले, ‘ह्या काय गो? कोणाचा सुतक आसा?’ मी म्हटलं, साखर निघालीय थोडी. तर म्हणतात, ‘साखरेक खोबऱ्याचो काय संबंध?’ मास्तराशी खोटं बोलावं तर नीट अभ्यास करून बोलावं, हे मला तेव्हा कळलं.

पुढचं काम बाबलीनं केलं. मनानं गंगा, तोंडानं फुटका नगारा. भर बाजारात, मासळीच्या लिलावात, यांना हाक मारून म्हणाला, ‘मास्तरानू, तुमचा रगात मी म्हमयक पोचयलंय हां! बर्फात घालून, सुरमयच्या शेजारी! धाकट्या दादांच्या माणसान उतरून घेतल्यान.’

हे घरी आले. चपला काढल्या नाहीत. एवढंच विचारलं, ‘माझा रगात माका इचारल्याबिगर तेच्याकडे गेला?’ मी हो म्हटलं. खरं ते सगळं सांगितलं, दुधासारखं पाणी, एन्झाइम, त्या बहिणी, सगळं. मुंबईला चला म्हणून पाय धरले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मरान गेलंय तरी चलात. तेच्या दारात मी पाय ठेवचंय नाय.’ त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. मीठ हवं असलं तर माईंना सांगतात, माई मला सांगतात. मी समोर बसलेली असते.

काल देवळात गर्दीत उभी होते. बायका नवस बोलत होत्या. मला काही मागणंच सुचलं नाही. डोळ्यांपुढे ती बाटली दिसत होती. माणसाच्या अंगात दूध वाहतं म्हणजे काय हो? रात्री मी त्यांच्या शेजारी जागी असते, श्वास ऐकत. एखादा लांबला की उठून बसते.

आणि मागच्या पत्रातल्या एका प्रश्नाचं उत्तर आलं नाही. मी विसरलेली नाही.

रुक्मिणी


मालवण
१२ मार्च

भावोजी,

बसला असाल तर बसून राहा, उभे असाल तर बसा. दूध कुठून आलं ते सापडलं.

काल दुपारी मी आणि माई मागल्या पडवीत कोकमं निवडत होतो. माझे डोळे वाहत होते, त्या बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘रडा नको गो. तेका काय एक होवचा नाय. रगात देवक गेलो त्या सकाळी माझ्या हातचो परसाद खावन गेल्लो तो.’

माझ्या हातातलं कोकम तसंच राहिलं. म्हटलं, ‘खावन गेले? काय खाल्ल्यानी?’

‘आदल्या दिसाचो शिरो. गार झालेलो, म्हणान तूप सोडून परतून दिलंय. चांगली वाटी भरान.’

‘माई, तेंका उपाशीपोटी जावक सांगितलेला!’

‘मगे? उपाशीच गेलो. च्या घेवक नाय, पेज घेवक नाय.’ आणि माझ्याकडे, मीच खुळी असल्यासारखं बघून म्हणाल्या, ‘परसाद खाल्लो म्हणजे कोण जेवता काय? परसाद तो परसाद.’

सवा शेर रव्याला सवा शेर तूप, वर परतताना आणखी पळीभर, आणि ते पोटात घेऊन तासाभरानं तुमचे दादा डॉक्टरांपुढे हात पसरून बसले! मी डॉक्टरांकडे धावले. ते डोक्याला हात लावून हसले आणि म्हणाले की तूप खाऊन आलेल्या धडधाकट गड्याचं रक्तही काही तास गढूळ दिसतं, दुधासारखंसुद्धा दिसतं. ‘काही खाल्लंत का’ म्हणून त्यांनी विचारलं होतं आणि यांनी ‘नाही’ सांगितलं होतं. खोटं नव्हेच. हे दोन विषयांत बी. ए. झालेले, पण प्रसाद खाण्यात मोजायचा असतो हे त्यांच्याही मनात आलं नाही. खरं सांगू? तिथे असते तर माझ्याही आलं नसतं. कथेत प्रसाद टाकणाऱ्याची नाव बुडते. समुद्रकाठच्या माणसानं तो नको म्हणायचा कसा?

तेव्हा तुमच्या साहेबांना सांगा, परदेशी कळवू नका. ते दूध नव्हे, आमच्या माईंचं तूप आहे. आणि एन्झाइमचं कमी माप फोंडा घाटातल्या उन्हाचं असेल.

काल रात्री मी पहिल्यांदा झोपले. पण पहाटे उठले ती धडधडत. दूध खोटं निघालं तरी फेर खरा आहे, भावोजी. आणि गडग्यावर बसणं खरं आहे. रक्त पुन्हा काढायला हवं, आणि ते तर माझ्याकडे मीठसुद्धा मागत नाहीत.

पुन्हा विचारते. तुमचं स्वतःचं?

रुक्मिणी


मालवण
२१ मार्च

भावोजी,

बाबली उद्या निघतोय, त्याच्याबरोबर दोन बाटल्या येत आहेत. दोन कशा, ते सांगते.

मी कट्ट्याला जाऊन वन्संना भेटले. शाळा सुटेपर्यंत एसटीच्या थांब्यावर बसून राहिले. त्यांनी सगळं ऐकलं, दुसऱ्या दिवशीची रजा टाकली आणि माझ्याबरोबर आल्या. जेवणं झाल्यावर भावापुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी दाराशी होते, माई देवघरात. मी शब्दन् शब्द लिहिते, कारण यातला एक शब्द तुमच्यासाठीही आहे.

‘दादा, माझ्यासाठी भावाक तोडलंस ना?’

‘तुझ्यासाठीच. तुझा वाटोळा केल्यान तेना.’

‘माका कधी इचारलंस?’

यांनी पानाचा डबा जवळ ओढला.

‘नऊ वर्षां लोक म्हणतत, हेंचा रगात वायट. कोणी बघल्यान? धाकटो दादा बोललो, लोकांनी मानल्यानी, आनि तू रागावन गप रवलंस. रागावन बसणा सोपा आसता रे. माझा रगात बरा की वायट, ता माका कळाक व्हया. लगीन गेला ता गेला. पण बघल्याशिवाय माझ्यावर शिक्को कित्याक?’

वन्सं आवाज न चढवता बोलतात, शाळेत पोरं त्यांना टरकतात ती त्यामुळेच. मग हे म्हणाले, ‘उद्या सकाळी?’ आणि वन्सं म्हणाल्या, ‘उद्या. आनि परसाद खावचो नाय.’

माई आतून बाहेर आल्या. मला वाटलं, आता देवाधर्माचं निघणार. तर त्यांनी स्वैपाकघराला कडी घातली, दाराशी पाट घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘सकाळपर्यंत हयसून कोण आत जाता ता बघतंय.’ दोघांनी घेतलं नाही म्हणून स्वतःही पाण्याचा घोट घेतला नाही. मी म्हटलं, पाणी चालतं हो. तर म्हणतात, ‘माका ठावक नाय तुमचा काय चलता आनि काय नाय. मागच्या खेपेक माझी चूक झाली ती झाली.’ देवाला मात्र सकाळी निवेद दाखवला, आणि त्याला सांगितलं की आज लेकरं तुझं नंतर खातील, रागावू नको.

डॉक्टरांपुढे यांनी बाही सारली आणि म्हणाले, ‘आधी हिचा काडा.’ परतताना माझ्याशी बोलले. ‘ऊन झाला, पदर घे’ एवढंच. मी घरी येऊन मोरीत बसून रडले.

ह्या खेपेला बर्फ वितळला तर बाबलीची चामडी लोळवीन असं मी सांगितलंय. तो म्हणतो, ‘वैनी, कोणाच्या हातात देवचंय नाय. धाकट्या दादांच्या हातात देवन येतंय.’

निकाल काहीही असो, लपवू नका.

रुक्मिणी


मालवण
१० एप्रिल

भावोजी,

काल संध्याकाळी बाबली आला. पाकीट त्यानंच आणलं, पोस्टात टाकलं नाही. आम्ही सगळे ओटीवर होतो, वन्संही होत्या. यांनी ते स्वतः फोडलं. नऊ वर्षांत तुमचं अक्षर त्यांनी पहिल्यांदा बघितलं. मोठ्यानं वाचलं, वर्गात वाचतात तसं, एका सुरात.

एन्झाइम दोघांतही आहे, व्यवस्थित आहे. पाणी दोघांचंही स्वच्छ. शुभदावन्संच्या रक्तात काहीही दोष नाही. इथे हे थांबले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वन्सं म्हणाल्या, ‘वाच म्होरा.’ पण त्यांनी माझा हात धरला होता आणि तो अजून दुखतोय. नऊ वर्षं एक माणूस कशासाठी एकटं राहिलं, याचा जाब मी कुणाला विचारू? तुम्हाला विचारणार होते. आता विचारत नाही. का, ते पुढे येईल.

तुमच्या दादांच्या रक्तात कोलेस्टेरॉल फार आहे. परदेशातला तो विरळा आजार नव्हे. मामंजींचाच, घराण्यात चालत आलेला, तुमच्या म्हणण्याप्रमाणे पुष्कळ घरांत असतो असा. होड्यांवरचं एन्झाइम इमानानं राबतंय, पण माल इतका येतोय की त्याला पुरं पडत नाही. खाणं सांभाळावं लागेल, चढण टाळावी लागेल, जिभेखाली ठेवायची गोळी जवळ हवी, आणि नवीन औषध आलंय ते मुंबईत देखरेखीखाली सुरू करायला हवं. म्हणून या, असं तुम्ही लिहिलंत. ‘दादा, एकदा या’ असं लिहिलंत.

यांनी कागदाची घडी घातली. म्हणाले, ‘ठीक आसा. कळला ता बरा झाला. गोळी हयसर गावता. म्हमयक जावची गरज नाय.’ दगडावरची रेघ. मी वन्संकडे बघितलं, त्या तोंड उघडणार एवढ्यात बाबली, ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं, चहाची बशी खाली ठेवत म्हणाला,

‘मास्तरानू, धाकट्या दादांचीय तब्येत बरी नाय हां. स्वता खाली इले पेटी घेवक. वर जाताना मधीच जिन्यावर बसले. घामाघूम. डोळ्यांत तुमच्यासारखोच पांढरो फेर. मी म्हटलंय, दादानू, काय झाला? तर म्हणतत कसे, काय नाय रे, वारो धरलो.’

मग यांनी विचारलं, ‘काय म्हणालो तो?’

‘वारो धरलो.’

तुमचे दादा उठले आणि आत गेले. मी मागून गेले. ते अंधारात मामंजींच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. मला वाटलं, पुन्हा छातीत आलं. गोळी आणायला वळले तर मनगट धरलं आणि म्हणाले, ‘तो तेव्हा भियालेलो गो. बाराव्याक बोललो तो आमका न्हय. तेना आपले डोळे आरशात बघलेले आसतले. पंचवीस वर्षांचो पोर, बापूस गेलेलो, आनि आपलोय नंबर लागलो म्हणान भियान वरडलो. आनि मी तेका घराभायर घातलंय.’ त्यांना रडताना मी मामंजींच्या वेळीही बघितलं नव्हतं.

खरं ना, भावोजी? सगळ्यात आधी तुम्ही स्वतःचंच रक्त बघितलं होतंत. नऊ वर्षांपूर्वी. मी तीन पत्रांत विचारत राहिले आणि तुम्ही होड्यांच्या गोष्टी सांगत राहिलात. लोका सांगे ब्रह्मज्ञान! आम्हाला खोबरं बंद करायला लावता आणि स्वतः खानावळीतली तळलेली मासळी खाऊन दोन जिने चढता. लग्न का केलं नाहीत तेही मला आता कळलं, आणि अक्षर का बिघडलं तेही. एवढी वर्षं हे एकट्यानं छातीत घेऊन बसलात आणि वर आमचा राग सोसलात. मला तुमच्याविषयी जे वाटतं ते लिहिता येत नाही. भेटल्यावर आधी दोन शब्द ऐकवीन, मग बघू.

रविवारच्या एसटीनं निघतोय, कोल्हापूरवरून. पिशवी यांनी काल रात्रीच भरली. मीही येतेय, त्यांना एकट्याला पाठवायची माझी छाती नाही. सोमवारी जिना उतरून स्टँडवर यायचं नाही. आम्ही येऊ, पत्ता बाबलीला ठाऊक आहे. तुमचा जिना आम्ही दोघं थांबत थांबत चढू.

यांचा निरोप आहे, शब्द त्यांचेच: ‘तेका सांग, आयताराच्या रातीपासून पाण्याशिवाय काय घेव नको. मीय घेवचंय नाय. दोघांचा रगात एकदम काडूया, माझ्यादेखत.’

माईंनी आज पुन्हा पूजा घातली. शिरा मुंबईपर्यंत टिकायचा नाही म्हणून प्रसादाचा लाडू वळलाय, तूप निम्मं घालून. देवाची समजूत त्यांनी काढलीय म्हणे. फडक्यात बांधून वर गाठ मारलीय आणि मला बजावलंय की रक्त काढून होईपर्यंत ती गाठ सोडायची नाही.

लाडू एकच आहे. दोघांनी मोडून खायचा, असं त्यांनी सांगितलंय.

तुमची वहिनी,
रुक्मिणी